एक यंत्र, तीस माणसं



मागच्या भागात आपण रडारबद्दल बोललो. रडारच्या पडद्यासमोर बसलेला माणूस आज पुन्हा एकदा येणार आहे, पण जरा उशिरा. सुरुवात बुटांच्या एका खोक्यापासून करतो.

१९८० साल. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. माझा एक मित्र इंजिनिअरिंगला होता आणि त्याच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघं सायकलवरून एका संगणक केंद्रात जायचो. कॅरियरला बुटांचं खोकं बांधलेलं, खोक्यात पंच कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. गठ्ठ्याच्या कडेवर मित्रानं स्केचपेननं एक तिरपी रेघ ओढून ठेवली होती. का, तर गठ्ठा हातातून पडला आणि कार्डं विखुरली, की रेघ जुळवत जुळवत ती पुन्हा क्रमानं लावता यायची. एकदा पडलाही. जिन्यात बसून अर्धा तास आम्ही ती रेघ जुळवत होतो.

गठ्ठा एका खिडकीतून आत द्यायचा. आत एसी, आत यंत्र. आपण बाहेर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जायचं आणि निकालाचा कागद घ्यायचा. एकदा त्या कागदावर एवढंच होतं, की अमुक ओळीत स्वल्पविराम राहिला आहे. स्वल्पविराम घालून गठ्ठा पुन्हा आत. आणखी एक दिवस गेला.

मला तेव्हा वाटलं होतं, संगणक म्हटला की हे असंच असणार. आमची ही सायकलवारी चालू होती तेव्हा ती रांग मोडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न होऊन एकोणीस वर्षं झाली होती, हे मला फार नंतर कळलं. आज त्या प्रयत्नाची गोष्ट सांगायची आहे. पण त्या रांगेमागचा हिशेब आधी समजून घेऊ, कारण तो मूर्खपणाचा मुळीच नव्हता.

१९५० च्या दशकात मोठा संगणक म्हणजे लाखो डॉलरची वस्तू. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एमआयटी ही तंत्रविद्येची संस्था आहे. तिच्यासारख्या श्रीमंत संस्थेलासुद्धा असं यंत्र एकटीनं परवडत नव्हतं. १९५७ मध्ये तिथे आयबीएम ७०४ आलं, तेव्हा त्याच्या दिवसाचे तीन भाग केले गेले. एक पाळी एमआयटीची, एक आसपासच्या न्यू इंग्लंडमधल्या कॉलेजांची आणि एक खुद्द आयबीएमची. आमच्याकडे पहाऱ्याची पाळी लावतात तसं. एवढ्या महागड्या यंत्रासमोर एक माणूस डोकं खाजवत बसला, तर त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे वाया. म्हणून माणसाला बाहेर काढलं. सगळ्यांची कामं गोळा करून एका चुंबकीय टेपवर चढवायची, यंत्रानं ती एकामागून एक उरकायची आणि माणसांनी थांबायचं. याला म्हणत बॅच पद्धत. यंत्राचा वेळ मोलाचा, माणसाचा फुकट. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला या हिशेबाचं फारसं नवल वाटत नाही.

नवल वाटतं ते ज्यांनी हा हिशेब नाकारला त्यांचं.

१ जानेवारी १९५९ ही तारीख असलेलं एक टिपण एमआयटीत आहे. लिहिणारे जॉन मॅकार्थी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्राला तिचं नाव ज्यांनी दिलं, तेच हे. टिपण संगणक केंद्राचे प्रमुख फिलिप मोर्स यांच्या नावे होतं. नवीन यंत्र येणार आहे, तर ते अशा रीतीनं चालवू, की अनेक माणसं एकाच वेळी त्याच्याशी थेट बोलतील आणि प्रत्येकाला वाटेल यंत्र आपलंच आहे, अशी ती सूचना. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसला युनेस्कोची परिषद भरली. तिथे ब्रिटनच्या ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी टाइम शेअरिंग याच नावानं निबंध वाचला. दोघांच्या मनातलं चित्र मात्र वेगळं होतं. स्ट्रेचींच्या चित्रात एक माणूस यंत्रासमोर बसून आपला प्रोग्राम तपासतो आहे आणि तो विचार करत असताना यंत्र मागे दुसरी कामं करतं आहे. मॅकार्थींच्या चित्रात समोर बसलेली माणसंच अनेक होती. इतिहासात ही दोन्ही चित्रं एकाच नावाखाली नोंदली गेली आणि पुढे श्रेयाचे वाद झाले. त्यात आपण शिरायला नको.

माणसानं संगणकासमोर बसावं ही कल्पना या लोकांना सुचली तरी कुठून? आता रडारचा पडदा आठवा. एमआयटीत व्हर्लविंड नावाचं यंत्र होतं. त्यातून पुढे अमेरिकेची हवाई संरक्षण यंत्रणा उभी राहिली, तिचं नाव सेज. सेजच्या केंद्रांत हवाई दलाचे लोक पडद्यासमोर बसायचे, पडद्यावरच्या ठिपक्याला प्रकाशाची पिस्तूल लावायचे आणि यंत्र तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. शत्रूचं बॉम्बफेकी विमान येत असताना ‘उद्या संध्याकाळी या’ असं सांगून चालत नाही. संरक्षणाच्या गरजेनं जे आधीच झालं होतं, ते साध्या संशोधकाला का मिळू नये, हा खरा प्रश्न होता. व्हर्लविंडवर काम केलेला एक विद्यार्थी पुढे त्याचं उत्तर देणार होता.

त्याचं नाव फर्नांडो कोर्बातो. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी नौदलात इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा तंत्रज्ञ होता. नंतर एमआयटीतून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि तिथल्याच संगणक केंद्रात राहिला.

एक यंत्र अनेकांशी बोलतं म्हणजे नेमकं काय करतं? उडप्याच्या हॉटेलात तव्यासमोर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तव्यावर आठ डोसे. प्रत्येक डोशाला त्याचा हात दोन-चार सेकंदच लागतो, बाकीचा वेळ डोसा आपला आपण भाजत असतो. हात फिरता राहिला की आठही डोसे वेळेवर होतात आणि आठही गिऱ्हाईकांना वाटतं की माझ्याकडे लक्ष आहे. माणूस टाइप करताना अडखळतो, विचार करतो, चहाचा घोट घेतो. तेवढ्या वेळात यंत्राचा हात बाकीच्यांवरून फिरून परत येतो.

हे सांगायला सोपं आहे. त्या काळच्या यंत्रांत त्यासाठी लागणाऱ्या दोन-तीन साध्या गोष्टीच नव्हत्या. पहिली गोष्ट शिट्टी. ठराविक वेळानं वाजून चालू काम थांबवणारं घड्याळ यंत्रात हवं, नाहीतर एकाचा प्रोग्राम यंत्राला धरून बसला तर बाकीचे ताटकळणार. दुसरी गोष्ट कुंपण. माझ्या प्रोग्रामनं चुकून तुमच्या आकड्यांवर लिहू नये, आणि सर्वांची पाळी ठरवणाऱ्या मुख्य प्रोग्रामवर तर कुणीच लिहू नये. आणि तिसरी, प्रत्येकाचं सामान ठेवायला जागा. या गोष्टी दुकानात मिळत नव्हत्या. आयबीएमकडून खास मागणी नोंदवून करून घ्याव्या लागल्या.

नोव्हेंबर १९६१ मध्ये कोर्बातो, मार्जरी मर्विन-डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांनी आयबीएम ७०९ वर पहिलं प्रात्यक्षिक दाखवलं. चार टंकयंत्रं, चार माणसं. डिस्क नव्हतीच, त्यामुळे प्रत्येक माणसाला स्वतःची एक टेप होती. एकाची पाळी संपली की त्याचा प्रोग्राम टेपवर उतरवायचा आणि दुसऱ्याचा वर चढवायचा. डोशाच्या भाषेत सांगायचं, तर या तव्यावर एका वेळी एकच डोसा मावायचा. अर्धा भाजलेला उचलून बाजूला ठेवायचा, पुढचा घालायचा, आणि पहिला पुन्हा तव्यावर टाकला की तो होता तिथूनच पुढे भाजला जायचा. स्वयंपाकात हे चालत नाही, संगणकात चालतं.

पुढच्या वर्षी, मे १९६२ मध्ये, त्यांचा निबंध वाचला गेला. या प्रणालीचं नाव कम्पॅटिबल टाइम शेअरिंग सिस्टिम, म्हणजे सीटीएसएस. यातला ‘कम्पॅटिबल’ हा शब्द बहुतेक लोक वाचून सोडून देतात. मला तोच फार शहाणपणाचा वाटतो. याचा अर्थ असा, की जुनी बॅच पद्धत बंद होणार नाही, ती मागे चालूच राहील आणि खिडकीवर गठ्ठा देणाऱ्या कुणाचंही काम अडणार नाही. कोर्बातोंनी जुन्या व्यवस्थेशी लढाई केली नाही, तिच्या पोटात जागा करून घेतली. नवीन पद्धत आणू बघणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्यानं हे आधी शिकावं. मी उशिरा शिकलो.

मग यंत्र बदललं. आयबीएम ७०९४ आलं. त्याला खास मागणीनं स्मृतीचे दोन कप्पे बसवून घेतले होते. एक मुख्य प्रोग्रामसाठी आणि एक वापरणाऱ्यांसाठी, मध्ये यंत्रानंच राखलेलं कुंपण. प्रत्येक कप्प्यात ३२,७६८ शब्द, शब्द ३६ बिटांचा. आजच्या हिशेबात एक कप्पा म्हणजे दीडशे किलोबाइटसुद्धा नाही. तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सुप्रभातचा फोटो बहुधा यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेवर तीसेक माणसं एकाच वेळी काम करायची, आणि बहुतेक वेळा कुणाला फारसं थांबावं लागायचं नाही.

ते कसं साधलं? पाळी लावण्याची रीत. नवीन छोटं काम आलं की त्याला आधी थोडा वेळ द्यायचा. तेवढ्यात झालं तर उत्तमच. नाही झालं तर त्याला एक पायरी खाली उतरवायचं. तिथे पाळी उशिरा येते, पण आली की जास्त वेळ मिळते. अवजड काम आपोआप तळाला जातं आणि एक ओळ तपासणारा माणूस ताटकळत नाही. कोणतं काम लहान आणि कोणतं मोठं हे यंत्राला आधी विचारावं लागत नाही, कामच आपल्या वागण्यानं आपली जागा ठरवतं. तुमच्या हातातल्या फोनपर्यंत हीच रीत सुधारत सुधारत आली आहे.

पैसा कुठून आला? अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था आर्पा. १९६२ मध्ये तिथे जे. सी. आर. लिकलायडर आले. हे मूळचे मानसशास्त्रज्ञ, सेजच्या कामात पडद्यासमोरच्या माणसाचा अभ्यास केलेले. त्यांच्या पाठबळानं जुलै १९६३ मध्ये एमआयटीत प्रोजेक्ट मॅक सुरू झाला. प्रमुख होते रॉबर्ट फॅनो. सीटीएसएससाठी दुसरं ७०९४ आलं. टेलिफोनच्या तारेवरून टर्मिनल जोडले गेले, काही प्राध्यापकांच्या घरीसुद्धा.

त्या काळात आपल्याकडे काय होतं? १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आलं. १९६४ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० आलं. मोठी कामं झाली त्यांवर, माणसं तयार झाली. पण पद्धत खिडकीची आणि गठ्ठ्याची. एका यंत्राला अनेक टर्मिनल ही गोष्ट सामान्य भारतीयाच्या नजरेला पडली ती १९८५ नंतर, नवी दिल्लीला रेल्वेचं आरक्षण संगणकावर गेलं तेव्हा. तोवर माझ्या खांद्यावर तीन तारे आले होते आणि मीही एका प्रशिक्षण संस्थेत हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलसमोर बसलो होतो. पहिल्याच दिवशी सांगितलं, पासवर्ड ठरवा. मी सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे दिले. वर्गात आम्ही बाराजण. चहाच्या सुट्टीनंतर कळलं, की बारापैकी सात जणांनी हेच केलं होतं.

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. बॅच पद्धतीत पासवर्ड नव्हता, कारण गरजच नव्हती. तुमचा गठ्ठा तुमच्या खोक्यात, यंत्रात तुमचं मागे काहीच उरत नसे. सीटीएसएसनं पहिल्यांदा माणसाला यंत्रात कायमचं घर दिलं. तुमच्या फाइली डिस्कवर राहू लागल्या, शेजाऱ्याच्या फाइलींना लागून. शिवाय प्रत्येकाला यंत्राचा वेळ मोजून दिलेला होता. म्हणून कोर्बातोंनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. फार विचारपूर्वक योजलेला उपाय होता असं नाही, सोपा होता म्हणून केला.

तो लगेच फुटला. अ‍ॅलन शेर हा डॉक्टरेटचा विद्यार्थी. विषय सीटीएसएसच्याच कामगिरीचं मोजमाप. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरायचे नाहीत. त्याला एक वाट ठाऊक होती. कार्डावर खात्याचा क्रमांक आणि फाइलीचं नाव पंच करून दिलं, की ती फाइल छापून मिळायची. एका शुक्रवारी रात्री त्यानं पासवर्डच्या फाइलीसाठी असं कार्ड टाकलं. शनिवारी सकाळी सगळ्यांचे पासवर्ड कागदावर छापून तयार. पंचवीस वर्षांनी त्यानं स्वतःच कबुली दिली. बघा, पुढचं दार कुलूपबंद आणि जुन्या बॅच पद्धतीची मागची खिडकी उघडी. मघाशी ज्या ‘कम्पॅटिबल’ शब्दाचं मी कौतुक केलं, त्याची ही किंमत.

दुसरा प्रसंग १९६६ चा. तो कोर्बातोंनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात स्वतः सांगितला. सीटीएसएसमध्ये लॉगिन केल्यावर दिवसाची सूचना छापून यायची. एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड नावांसह येऊ लागले. वेळ, अर्थातच, शुक्रवार संध्याकाळची. झालं असं, की दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची फाइल. फाइल दुरुस्त करताना जो प्रोग्राम वापरायचे, तो एक तात्पुरती फाइल बनवायचा आणि तिचं नाव ठरलेलं, नेहमी तेच. मुळात असं गृहीत होतं, की एका खात्यात एका वेळी एकच माणूस काम करेल. पुढे सोयीसाठी व्यवस्थापकांच्या खात्यात एकापेक्षा अधिक जणांना मुभा दिली गेली. ती मुभा देताना हे जुनं गृहीत कुणाला आठवलं नाही. दोन तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. यात चोर कुणी नव्हता आणि नियमही कुणी मोडला नव्हता.

मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येतो. अनेक चौकशी समित्यांवर बसलो आहे. दोष कोणाचा, या पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसलेली प्रकरणं अशीच असतात.

शेजार म्हटला की गप्पा आल्या. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएसवर एकमेकांना पत्र ठेवण्याची सोय केली. जेरोम सॉल्टझर यांनी मजकूर नीट मांडून छापणारा प्रोग्राम लिहिला. जोसेफ वायझेनबाऊम यांची एलायझा, म्हणजे माणसाशी गप्पा मारणारा पहिला नावाजलेला प्रोग्राम, याच यंत्रावर जन्मली. आणि १९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, एका व्यवस्थापकानं आपल्या खास अधिकारानं सगळ्या, सुमारे हजार, खातेदारांना मोठ्या अक्षरांत शांततेचा, युद्धविरोधी संदेश पाठवला. व्हॅन व्लेक त्याला म्हणाले, हे योग्य नाही. त्याचं उत्तर, पण हे महत्त्वाचं होतं ना! नको असलेल्या घाऊक संदेशाचं हे बहुधा पहिलं उदाहरण, आणि ते संरक्षण खात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या यंत्रावर. मला त्या माणसाचा रागही येत नाही आणि त्याची बाजूही घेता येत नाही.

पासवर्ड आणि कुंपण हा एकच मार्ग होता का? नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला रंजक वाटते. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी जीई कंपनीच्या यंत्रावर स्वतःची प्रणाली उभारली. ती लिहिणारे बरेचसे पदवीपूर्व वर्गातले विद्यार्थी. १ मे १९६४ ला पहाटे चार वाजता पहिला प्रोग्राम चालला, भाषा बेसिक. दोघांचा आग्रह असा, की संगणक वाचनालयासारखा असावा. इतिहासाच्या विद्यार्थ्यानंही आत यावं, कुणी कारण विचारू नये.

आणि दुसरं टोक तर एमआयटीतच. प्रोजेक्ट मॅक ज्या इमारतीत होता, तिच्या नवव्या मजल्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा. तिथल्या पोरांना सीटीएसएसचे नियम जाचक वाटायचे. त्यांनी आपली वेगळी प्रणाली लिहिली आणि नाव खोडसाळपणे ठेवलं इनकम्पॅटिबल टाइम शेअरिंग सिस्टिम. पासवर्ड नाही. कुणाचीही फाइल कुणीही उघडावी, सुधारावी. यंत्र बंद पाडण्यात मर्दुमकी वाटणाऱ्या पोरांचं काय करायचं? त्यांनी यंत्र बंद पाडणारी आज्ञाच सर्वांना उघड देऊन टाकली. कुणीही करू शकतो म्हटल्यावर त्यात गंमत राहिली नाही. अंगावर छत्तीस वर्षं गणवेश वागवलेल्या माणसानं हे वाचून नाक मुरडायला हवं. पण ती व्यवस्था बरीच वर्षं चालली. सगळे एकमेकांना ओळखत होते, म्हणून चालली.

ओळख नसलेल्यांचं काय, याचं उत्तर मल्टिक्सला द्यायचं होतं. सीटीएसएस हा जुन्या वाड्यात केलेला बदल होता. मल्टिक्स म्हणजे पायापासून नवी इमारत. एमआयटी, जीई आणि बेल लॅब्ज एकत्र आले. १९६५ मध्ये सहा निबंधांत आराखडा मांडला. स्वप्न मोठं होतं. वीज आणि पाणी जसं घरोघरी तसा संगणक, शहरभर, दिवसरात्र. आयबीएमला हे काम मिळालं नाही, कारण १९६४ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या सिस्टिम ३६० या नव्या यंत्रमालिकेत मल्टिक्सला हवी तशी स्मृतीची पत्ते बदलणारी सोय नव्हती. आयबीएमनं मग घाईनं स्वतःची टाइम शेअरिंग प्रणाली काढली, ती रखडली.

मल्टिक्समधली वलयांची कल्पना छावणीत राहिलेल्याला लगेच कळते. छावणीच्या फाटकातून नागरिकही येतो. युनिट लाइनमध्ये जवान येतो. क्वार्टर गार्ड ओलांडायला कारण लागतं. आणि कोत, म्हणजे हत्यारांची खोली, तिथे मोजकेच हात पोहोचतात. मल्टिक्समध्ये तसंच. सर्वात आतल्या वलयात प्रणालीचा गाभा, बाहेरच्या वलयांत वापरणाऱ्यांची कामं. बाहेरून आत जायचं तर ठरलेल्या फाटकातूनच, आणि त्याला त्यांनी नावही गेट असंच दिलं होतं. पुढे हनीवेल ६१८० या यंत्रात अशी आठ वलयं थेट यंत्रातच बसवली.

पण इमारत वेळेवर उभी राहीना. ज्या पीएल/वन भाषेत ती लिहायची ठरली, तिचा कंपायलरच तयार नव्हता. १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एमआयटीत मल्टिक्स सर्वांसाठी सुरू झालं, म्हणजे बेल लॅब्ज थोडक्यात चुकली असं म्हणता येईल. किंवा तसं म्हणता येणारही नाही, कारण तिथून रिकाम्या हातानं परतलेल्या केन थॉम्प्सननं कोपऱ्यातल्या एका जुन्या पीडीपी-७ वर आपलं छोटंसं काहीतरी सुरू केलं. डेनिस रिची सोबत होता. मल्टिक्सची थट्टा म्हणून त्याचं नाव पडलं युनिक्स.

मल्टिक्स विकलं गेलं ऐंशीच्या आसपास ठिकाणी. त्यातलं एक गिऱ्हाईक अमेरिकी हवाई दल. पेंटॅगॉनमधल्या त्यांच्या केंद्राला एकाच यंत्रावर गुप्त आणि अतिगुप्त अशी दोन्ही कामं करायची होती. यंत्राच्या कुंपणावर इतका विश्वास टाकता येईल का? हे तपासायला दोन अधिकारी नेमले, मेजर रॉजर शेल आणि सेकंड लेफ्टनंट पॉल कार्गर. त्यांचा अहवाल १९७४ चा आहे आणि सैनिकानं वाचावा असा आहे. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो अधूनमधून बंद दारं ढकलून बघायचा, पहारेकरी जागा आहे का. बराच काळ ढकलल्यावर एक दार उघडलं. दोष यंत्रातच होता. प्रणालीच्या लिखाणातल्या चुका त्यांना आणखी सापडल्या आणि पासवर्डची फाइलही हाती लागली. लक्षात घ्या, त्या काळातली ही सर्वात सुरक्षित मानली गेलेली प्रणाली होती.

त्या अहवालात आणखी एक मुद्दा आहे. समजा चोरदार प्रोग्रामच्या लिखाणात ठेवलंच नाही. ते ठेवलं कंपायलरमध्ये, म्हणजे लिखाणाचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये. मग लिखाण कितीही तपासा, निर्दोषच दिसणार. चोरदार रूपांतराच्या वेळी आपोआप बसणार. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात युनिक्सवाल्या केन थॉम्प्सननं हीच गोष्ट करून दाखवली आणि सांगितलं, की ही कल्पना आपल्याला हवाई दलाच्या एका जुन्या अहवालात भेटली. पेंटॅगॉननं मल्टिक्स वापरलं नाही असं मात्र झालं नाही. मर्यादा घालून, कोणाला आत घ्यायचं ते ठरवून वापरलं. १९८५ मध्ये त्याला अमेरिकेच्या सरकारी तपासणीत बी-टू हा दर्जाही मिळाला, तो मिळवणारी ती पहिली प्रणाली.

सीटीएसएस जुलै १९७३ मध्ये बंद झालं. मल्टिक्स बरंच पुढे टिकलं. त्याचं शेवटचं यंत्र कॅनडाच्या संरक्षण खात्याकडे होतं, हॅलिफॅक्स या बंदराच्या शहरात. ३० ऑक्टोबर २००० रोजी ते बंद केलं गेलं. कोर्बातो तेव्हा हयात होते. ते गेले २०१९ मध्ये.

आणि कोपऱ्यातलं ते पीडीपी-७? पुढचा भाग त्याच्यावरच आहे. भेटू.